फोटोवर टेप

अगं, तो शिंपी सोनोग्राफीच्या फोटोवर टेप लावून बसायचा, खरंच! बायको दारात चपला काढतेय तोच हा तिच्या हातातून फोटो ओढणार, कटिंगच्या टेबलावर पसरणार आणि बाळाच्या मांडीचं हाड मोजणार.

"लांब आहे गं. तुझ्यावर गेलंय."

बायको ताडमाड. तयार कपड्यांच्या बाह्या तिला मनगटाच्या कितीतरी आधीच संपायच्या, म्हणून तर ती याच्या दुकानात आली आणि लग्न करूनच थांबली. पण ती उंची आजाराची होती. शरीर बांधून ठेवणारा धागाच जन्मापासून सैल. तिचे वडील त्यातच गेले, अडतिसाव्या वर्षी, छातीतली मोठी रक्तवाहिनी फुटून. आणि बाळाला तो दोष जायची शक्यता निम्मी-निम्मी!

बाराव्या आठवड्यात वारेचा कणभर तुकडा काढून तपासायला पाठवला. रिपोर्टला तीन आठवडे. तेवढ्यात या पठ्ठ्याने एका कोटाला दोन्ही बाह्या डाव्याच लावल्या.

डॉक्टरीणबाईंनी तर हात जोडले. "अहो, टेपचा नाद सोडा! फोटो लहान-मोठा छापतात. आणि इतक्या लवकर लांबीवरून काही कळत नाही. काय ते रिपोर्टच सांगेल."

सोडतोय कसला. घरी आला की पुन्हा टेप. शेवटी तिचं डोकंच सरकलं.

"आणि लांब निघालं तर काय करणारेस? कापणारेस?"

बाळ ठेवायचं की नाही, हे दोघांपैकी कुणीच तोंडातून काढलं नव्हतं. ती खोलीतल्या खोलीत येरझारा घालत राहिली. हा 'नको' म्हणाला तर? आपल्यालाही तेच आहे की. मग आपणही नकोच होतो का याला?

गुरुवारी दुपारी फोन आला. दोष होता.

"घाई नाही, दोघं या, बोलू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

शिंपी उठला, बसला, परत उठला.

"तुझ्या बाबांचं हृदय कुणी तपासायचं का गं?"

"कुणीच नाही. माहीतच नव्हतं ना काही."

"मग बाळाचं आपण जन्मल्यापासून तपासत राहू. ठेवू या का? तुला चालेल?"

"मला? अरे गाढवा, मी तुलाच घाबरत होते!" ती हसली, रडली, आणि तशीच उठली. "थांब, बाळाची पहिली तपासणी कधी करायची, बाईंना विचारते."

फोन लागेना. तिने पुन्हा लावला.