चिंचेचा माथा

बारवेच्या कडेची चिंच पालिकेच्या वारसा यादीत गेली, तेव्हा बबिताला शाल-नारळ मिळाला होता. शहरातल्या जुन्या वास्तू जपायचा कार्यक्रम पालिकेनं हाती घेतला, त्यात वेस आली, बारव आली. झाडं मात्र येईनात. "झाड म्हणजे काय इमारत हाय का?" असं एका साहेबानं तिला तोंडावर सुनावलं होतं. तरी अंगणवाडीत शिकवणारी बबिता पोरं घरी गेली की पालिकेचा जिना चढायचीच. चिंच तिच्याच अंगणात होती. भूकंपाच्या साली ती मुखेडहून नवी नवरी होऊन या घरात आली, आणि भिंतींची धास्ती घेतलेली सगळी गल्ली कितीतरी रात्री या चिंचेखाली अंथरुणं टाकून झोपली होती. "बारवेला दगडं हायेत म्हणून तिचा वारसा, आन् जिनं माणसं राखली तिचा कामून न्हाई?" असं ती भेटेल त्याला विचारत राहिली. शेवटी वारसा विभागात मृत्युंजय नावाचा नवा अधिकारी आला. त्यानं समितीपुढं विषय लावून धरला आणि जुनी झाडंही वास्तूंच्या बरोबरीनं जपायचं ठरलं. पहिला मान बबिताच्या चिंचेला मिळाला; अंगणात समारंभ झाला, खोडापाशी तसा बोर्ड लागला.

सासू पंचफुलाबाई तेव्हा मागच्या खोलीत बाजेवर पडून होती. खुब्याचं हाड मोडल्यापासून ती उठली नव्हती. भाषणं तिला खिडकीतून ऐकू आली. "माझंबी वय झालंय की," ती म्हणाली. "मला कोण बोर्ड लावंना."

होळीनंतर एका सकाळी बबिताला चिंचेच्या मोठ्या फांदीला बुडापाशी चीर दिसली. फांदी नेमकी मागच्या खोलीच्या पत्र्यावर होती. पूर्वी असं झालं असतं, तर तिचा नवरा शेषेराव कुऱ्हाडवाल्याला बोलावून दुपारच्या आत मोकळा झाला असता. आता पानाला हात लावायचा तरी समितीची परवानगी लागणार होती. आणि तो नियम व्हावा म्हणून जिनं चपला झिजवल्या, ती बबिताच होती.

ती पुन्हा जिना चढली. मृत्युंजयनं खुर्ची दिली, पाणी दिलं.

"ताई, मी लगेच लावतो विषय. पण नांदेडच्या तज्ज्ञ मॅडमनी पाहिल्याशिवाय समिती सही करणार नाही."

"कवा येतील त्या?"

"परीक्षा चालू आहेत त्यांच्या कॉलेजात. त्या झाल्या की."

परीक्षा झाल्या, मग समितीच्या अध्यक्षांच्या घरी लग्न निघालं, मग बैठकीला माणसं पुरेनात. बबिता जायची, बसायची, परत यायची. गुडघे दुखायचे. जिन्यातला शिपाई आता तिला काही विचारत नसे. घरी आली की शेषेराव म्हणायचा, "रविवारी कापून टाकू. कोण बगायलंय?"

"अख्खी गल्ली बगतीय. आन् मी कापली तर उद्या दुसऱ्याला कोणत्या तोंडानं आडवू?"

"मग आईला पुढच्या खोलीत घेऊ."

पंचफुलाबाई ऐकेना. पुढच्या खोलीत टीव्ही, माणसांची ये-जा, आणि खिडकी नाही. "मरायचं तर उजेडात मरते," म्हणाली, आणि तोंड फिरवून घेतलं. बबिताला वाद घालायचं त्राण उरलं नव्हतं. ती रोज झाडायला निघाली की आधी फांदीकडं बघायची. चीर रुंदावत होती.

वैशाखात एका संध्याकाळी आभाळ काळं झालं आणि वारं सुटलं. बारवेतली कबुतरं एकदम उडाली. बबिता कणीक मळत होती. तशाच हातानं ती मागच्या खोलीकडं धावली. "अवो, लौकर या!" शेषेराव आला. दोघांनी बाज दोन्ही टोकांनी उचलली. म्हातारी ओरडत होती, बाज दारात अडकली. शेषेरावनं ती जराशी तिरकी केली आणि सासुरवाशिणीला न शोभणाऱ्या शिव्या देणाऱ्या बबितासकट बाहेर ओढली. बाज पुढच्या खोलीत पोचते न पोचते तोच मागं असा आवाज झाला की बबिताला भूकंपाची रात्र आठवली. पत्रा दुमडला होता आणि म्हातारीच्या उशीच्या जागी हिरवी डहाळी पडली होती.

पंचफुलाबाईनं आपला पदर सारखा केला. मग म्हणाली, "बबे, हात धू. कणीक वाळून गेली."

दुसऱ्या दिवशी सकाळीच समितीचे सगळे आले. जे दोन महिने जमत नव्हते, ते एका गाडीतून उतरले. मृत्युंजय दारातच थांबला. "चुकलं, ताई. मी आधीच भांडायला पाहिजे होतं."

बबितानं त्याच्याकडं बघितलंही नाही. तिला त्याचा राग करायचा होता, पण रागालाही ताकद लागते.

नांदेडच्या त्या तज्ज्ञ नागम्मा मॅडमही आल्या होत्या, मूळच्या देगलूरकडच्या. त्यांनी खोडावर ठिकठिकाणी हातोडी वाजवली, कान लावला. खोड एका बाजूनं पोकळ झालं होतं. अध्यक्ष घाईनं म्हणाले, "मग काढूनच टाकू. यादीतून नाव कमी करायचा ठराव मी आजच घेतो. उद्या जिवावर बेतलं तर?" शेषेराव मान हलवत होता. गल्लीतली माणसंही म्हणाली, जाऊ द्या आता.

"दुसरा मार्ग न्हाई का?" बबितानं मॅडमना विचारलं.

"आहे. वरचा माथा सगळा उतरवायचा. भार कमी झाला की खोड तग धरेल, नवी पालवीही फुटेल. पण सावली जाईल, चिंचा काही वर्षं लागणार नाहीत. आणि दर उन्हाळ्यात बघावं लागेल. पुन्हा परवानगी, पुन्हा फेऱ्या."

पुन्हा फेऱ्या. बबिता ओट्यावर बसली. तोडायला हो म्हटलं असतं तर सुटली असती. कुणी बोल लावला नसता. तिनं आत सासूकडं बघितलं.

"आत्याबाई, काय करू?"

"मी तोडा म्हणलं तर ऐकशील व्हय?"

"न्हाई."

"मग कशाला इचारतीस?"

बबिता उठली. "माथा उतरवा," ती अध्यक्षांना म्हणाली. "यादीतून नाव काढायचं न्हाई. आन् साहेब, एक करा. ज्याच्या घरावर झाड हाय, त्याला वाळली, चिरलेली फांदी लगेच काढायची मुभा द्या. पोरं-बाळं त्याच्याखाली झोपतेत. तेवढं बी जमंना तर कोण झाड यादीत देईल तुमच्या?"

अध्यक्षांनी मृत्युंजयकडं पाहिलं. तो म्हणाला, "सगळी समिती हजर आहे, हा ठराव घेऊ. आत्ता, इथंच." आणि तिथं अंगणात, पडलेल्या फांदीशेजारी उभ्याउभ्या ठराव झाला.

माथा उतरवायला दोन दिवस लागले. दोरावर फांद्या एकेक करून खाली आल्या. ज्या अंगणात आयुष्यभर सावली होती तिथं ऊन येऊन पडलं, घर परक्याचं वाटायला लागलं. शेजारची कोंडाबाई कुंपणावरून म्हणाली, "राखायची म्हणून मिरवलीस, आन् शेवटी तूच बोडकी केलीस की गं." जळणासाठी फांद्या न्यायला गल्लीतल्या बाया आल्या, त्यांना बबितानं हातानंच घेऊन जा म्हणून खुणावलं.

मागच्या खोलीवर नवा पत्रा बसला. पंचफुलाबाईची बाज परत खिडकीशी गेली. तिनं उघड्या खोडाकडं बघितलं, तोंड वाकडं केलं आणि डोळ्यांवर पदर घेतला. "लई ऊन आलं," म्हणाली.

बबितानं खिडकीला जुनं लुगडं बांधलं. मग तिथंच, बाजेशेजारी फरशीवर आडवी झाली. अंगणवाडीत जायची वेळ झाली होती. गल्लीतून निघालेल्या पोरांचे आवाज तिला ऐकू येत होते, पण उठवेना. सासूनं वरून एक उशी खाली सोडली.