हे हवेत असताना

आमचे हे श्रावणापासून हवेत आहेत, आणि खंडेनवमीला मी त्यांची सगळी यंत्रं पूजेसाठी काढून घेतली.

मागच्या खोलीत त्यांचं विमान आहे. म्हणजे एक रेक्झिनची खुर्ची, समोर कॉम्प्युटरचे तीन पडदे आणि चार यंत्रं. उजव्या हाताशी जॉयस्टिक, डाव्या हाताशी वेग कमीजास्त करायचा थ्रॉटल, पायाशी पेडलं आणि गुडघ्यापाशी बटणांची पेटी. निवृत्तीनंतर विमान उडवायच्या खेळाचा हा पसारा मांडला तेव्हा मी म्हटलं होतं, लोक चारधामला जातात, तुम्ही खुर्चीत बसून कुठे जाणार? श्रावणातल्या एका सोमवारी मी साबुदाण्याची खिचडी घेऊन आत गेले, तर खुर्ची रिकामी होती आणि पडद्यांवर ढग होते. खुर्चीवर पडलेल्या हेडफोनमधून यांचा आवाज आला.

"शालू, वर आलो गं. खिचडी तिथंच ठेव."

ठेवली. थोड्या वेळाने पाहिलं तर ताटली रिकामी होती आणि अख्खे राहिलेले शेंगदाणे कडेला काढून ठेवले होते. दाणे नीट कुटले नाहीत की हे असंच करतात. तेव्हापासून रोज जॉयस्टिक आपोआप हलते, पेडलं खालीवर होतात, चहाचा कप रिकामा होतो. मी काम आवरून दाराशी बसते. हे वरून कुठली नदी दिसते ते सांगतात आणि मी मटार सोलते.

आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात. अडकित्ता, शिवणाचं मशीन, यांची नकाशे काढायची पट्टी, सगळं पाटावर येतं. वर असलेल्या माणसाची हत्यारं तेवढी पूजेवाचून ठेवायची, हे मला बरं वाटेना.

"अहो, जरा वेळ यंत्रं काढू का?"

"काढ. ऑटोपायलटवर टाकतो. सरळच तर जायचंय."

चारही वायरी मी उपसल्या. यंत्रं ओल्या फडक्याने पुसली. प्रत्येक वायरीला एकेक मळकट चिकटपट्टी गुंडाळली होती, ती नखाने खरवडून टाकली. देवापुढे मळ कशाला? हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. दसऱ्याला म्हणून आलेली आमची मुलगी रेवती हिने आरती केली. मग यंत्रं परत जागेवर नेली आणि वायरी खोचल्या, जिथे जी बसेल तिथे.

जॉयस्टिक हलली आणि स्वयंपाकघर वर गेलं. फार नाही, ओट्याएवढंच, पण पुऱ्यांचं पीठ घरंगळत हॉलपर्यंत आलं. थ्रॉटल पुढे सरकला तसा पॅसेज लांबला. बटणांची पेटी चाचपली तर जेवणाच्या टेबलाने चारही पाय पोटात घेतले. पेडलं दाबली गेली आणि सगळं घर संथपणे उजवीकडे वळलं. खिडकीतून रोज समोरच्यांची वाळत घातलेली पांघरुणं दिसतात, तिथे विमानतळाच्या कुंपणाची जाळी आली.

ती जाळी मी ओळखली. लग्न नवीन होतं तेव्हा रविवारी आम्ही स्कूटरवरून तिथे जायचो. शेंगा खायच्या आणि जाळीला नाक लावून विमानं बघायची. हे बांधकाम खात्यात रस्त्यांचे नकाशे काढायचे. अख्ख्या जिल्ह्याचे रस्ते यांच्या बोटांवर होते आणि स्वतः मात्र धरमपेठेतून घरी येताना हमखास चुकायचे. म्हणून मी मागे बसून वळण सांगायची. तोंडाने सांगितलेलं वाऱ्यात ऐकू जात नसे. उजव्या खांद्यावर थाप म्हणजे उजवीकडे, डाव्या म्हणजे डावीकडे, दोन्ही हात ठेवले की थांबायचं. बसण्याआधी मी पदर कमरेला घट्ट खोचायची, चाकात जाऊ नये म्हणून. स्कूटर एकदा दूधवाल्याच्या सायकलला धडकली होती. तेव्हापासून तिचा दिवा जरा डावीकडे बघायचा. दुरुस्त करू, दुरुस्त करू म्हणत ती तशीच विकली. फार सुखाचे दिवस होते ते, आणि तेव्हाही मला ते माहीत होतं.

"ढगांच्या खाली आलो," हे म्हणाले. "आपलं घर दिसून राहिलं. पण ते फिरून का राहिलं गं?"

"वायरी बदलल्या."

"चिकटपट्ट्या पाहून लाव ना. नंबर टाकले आहेत."

"त्या मी काढून टाकल्या. मळल्या होत्या."

हे आकडे पुटपुटू लागले. असे पुटपुटू लागले की हे रागावलेले नसतात, हिशेब करत असतात.

"तेलाचा काटा लालवर आला," ते म्हणाले. "उतरायला पाहिजे."

मग मी वायरींची अदलाबदल करू लागले. पेडलांची वायर थ्रॉटलच्या जागी खोचली तर हॉल गेला. परत काढली तर हॉल आला नाही. बटणांच्या पेटीची जागा बदलली तर देवघर आणि न्हाणीघर एकात एक बसले आणि मग तेही दिसेनात. दर खेपेला एकेक खोली कमी होत गेली आणि पॅसेज तेवढा लांब होत गेला. शेवटी आम्ही उभ्या होतो ती खोली राहिली. तिच्या भिंती माझ्या दोन्ही कोपरांना लागत होत्या.

"आई, मेन स्विच बंद करून परत चालू करू," रेवती म्हणाली. "आमच्या ऑफिसात सगळं असंच दुरुस्त होतं."

"आणि तेवढ्या वेळात बाबा कुठे राहतील?"

तिने स्विचवरचा हात मागे घेतला. मग बारीक आवाजात म्हणाली, "ते उतरले की इथेच उतरतील ना?"

मला भीती वाटली, श्रावणापासून पहिल्यांदाच. वर का होईना, हे होते. कप रिकामा होत होता. आता काटा लालवर होता, आणि सगळ्या घरात मला धरता येईल असं एकही यंत्र यांच्या विमानाला जोडलेलं नव्हतं.

"मला काही दिसत नाही, शालू," हे म्हणाले. "कुठं वळू?"

हे मी किती चौकांत ऐकलं होतं. मी वायरी खाली ठेवल्या. यांच्या खुर्चीत मी कधी बसले नाही, तेव्हाही बसले नाही. खुर्चीच्या मागे उभी राहिले आणि पाठीच्या उजव्या कोपऱ्यावर थाप मारली.

तिन्ही पडदे उजवीकडे कलले.

"असं आधी नाही का सांगायचं!" हे म्हणाले.

डावीकडे थाप मारली. पडदे सरळ झाले, खाली रस्ते दिसू लागले. धरमपेठेच्या चौकावर हे नेहमीसारखे सरळ निघाले होते, मी दोनदा थाप मारून त्यांना वळवलं. रेवती माझ्यामागे भिंतीला चिकटून उभी होती आणि हसत होती. लहानपणी ती पुढे उभी राहायची, हँडल धरून.

"उजेड आला," ती म्हणाली.

पडद्यावर नव्हे, पॅसेजच्या टोकाला. फरशांवरून घरघर ऐकू येऊ लागली. उतरताना विमानाला दिवे बरेच लागतात, ते यांनीच मला कितीदा दाखवलं होतं. हा एकच होता, आणि जरा डावीकडे बघत होता.

"आई, थांबव त्यांना. भिंतीला लागेल."

मी दोन्ही हात खुर्चीच्या पाठीवर ठेवले. रेक्झिनखाली खांदे होते. उजेड मंदावत दारापर्यंत आला आणि तिथे थांबला. इंजिन मात्र बंद झालं नाही. पेट्रोलचा आणि भाजलेल्या शेंगांचा वास आला.

"बसतेस ना?" हे म्हणाले. आवाज हेडफोनमधून आला नाही.

मी पदर खोचायला गेले, तर त्याचं टोक रेवतीच्या मुठीत होतं.