वल्लरीचा भाताचा मोर

वल्लरीचा मोर चांगला पुरुषभर उंच झाला होता. गोदाकाठची माती, उसाचं पाचट, कडुनिंबाच्या डहाळ्या. निसर्गशिल्प स्पर्धेत बाजारचा डिंक चालायचा नाही, म्हणून बाईंनी तुऱ्यापासून पिसाऱ्यापर्यंत सगळं चिकटवलं मऊ भाताने. तेही दहाव्याच्या घाटाला लागून! नाशकात जन्मलेल्या माणसाने कावळ्यांच्या दारात भात मांडावा, याला काय म्हणावं?

"कला मातीतून येते, मातीतच जाते," असं तिने सकाळीच पत्रकारांना ऐकवलं होतं. जावी की, पण परीक्षक येऊन गेल्यावर! पहिला नंबर दरवर्षी हुकत होता, यंदा तिला तो हवाच होता. त्यामुळे कावळे उतरले तशी बाई छत्री घेऊन "हुश् हुश्" करत मोराभोवती नाचू लागली.

शेजारी निफाडकडचं एक कुटुंब पिंड मांडून ताटकळलं होतं. कावळा शिवेना. शिवेल कसा? सगळे मोराच्या पंगतीला.

"काहीतरी इच्छा राहिलीय," ढुंढिराज गुरुजी म्हणाले.

मुलगा धनराज हात जोडून पुढे झाला. "बापू, बैलांना अंतर देणार नाय." कावळा ढिम्म. "बापू, दारू सोडली." तरी नाही. धनराजला घाम फुटला. "गुरुजी, दर्भाचा कावळा करून लावा ना पिंडाला. उरकून टाका."

"खराच पायजे!" त्याची आई, वत्सलाबाई, कडाडली. मग तरातरा येऊन तिने वल्लरीचं मनगट धरलं. "पोरी, हुसकू नको त्यांना. हुसकलंस तर आत्ताच पिंडाकडं जातील."

"अहो मावशी, माझा मोर खाताहेत!"

"खाऊ दे. आत्ताशी दारूवर आलाय त्यो. घराचं व्हायचंय अजून. बाप गेला न् ह्यो घर विकायला निघालाय. मी कुठं जाऊ गं?" म्हातारीचे डोळे भरून आले.

वल्लरीने रस्त्याकडे पाहिलं. परीक्षकांची गाडी वळणावर आली होती. मोराचा तुरा गेला होता, मानही चालली होती. तिचा जीव तुटत होता. तरी तिने छत्री मिटली.

"अरे, घराचं बोल की!" धनराजचा मामा खेकसला.

धनराजने पुन्हा हात जोडले. "बापू, घर विकणार नाय! आई हाय तोवर तिथंच राहील!"

वत्सलाबाईने वल्लरीकडे बघून मान हलवली. वल्लरीने फाडकन छत्री उघडली. कावळे उडाले, आणि त्यातला एक थेट पिंडावर. "शिवला, शिवला!" धनराजने डोळे पुसले. बापाचा एवढा धाक त्याला जिवंतपणी कधी नव्हता.

परीक्षक उतरले. मोराच्या उरलेल्या ढेकळाकडे मान तिरकी करून बघत राहिले. "कल्पना छान, पण काम अपुरं," म्हणाले आणि पुढे गेले.

"माझा मोर गेला, मावशी," वल्लरी रडकुंडीला आली.

वत्सलाबाईने तिच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "चार माणसांत बोललाय त्यो, घर राह्यलं माझं. मोर काय, परवा दुसरा कर. आमच्या शेजारणीकडचा दहावा हाय, न् तिचा पोरगा ह्याच्याहून बेरकी. भात जरा दाबून लाव."