न कुरकुरणारा पट्टा

पाळण्याची कडी कुरकुरली आणि नुकती कुठे शांत झालेली दुपार मोडली. लगेच सासूबाई तेलाची कुपी घेऊन हजर. नातू झाल्यापासून त्यांनी घरातल्या एकेका आवाजाचा बंदोबस्त केला होता. दारं, खिडक्या, शिलाई मशीन, कुणाची कुरकुर म्हणून त्यांना खपत नसे. सुनेची तर नाहीच. फक्त तिथे तेलाने भागत नव्हतं.

बाहेर शेडमध्ये हार्वेस्टरला सकाळपासून दोन तज्ज्ञ भिडले होते, सासरे आणि नवरा. गहू पिकून उभा, आभाळ भरत आलेलं, आणि यंत्र चार पावलं गेलं की मळणीचा ड्रम मान टाकायचा. इंजिन जोरात, पट्टा मात्र पुलीवर नुसता घसरतोय. आज कापणी झाली नाही तर गहू भिजणार, एवढ्या एका गोष्टीवर बापलेकाचं एकमत होतं.

"सैल आहे. ताण दे अजून," सासरे म्हणाले.

"ताण देऊन देऊन बेअरिंग तापलंय, बाबा. पुल्या एका रेषेत नाहीत. दोरी धरा."

दोरी धरली. पुल्या सरळ रेषेत निघाल्या.

"तुम्ही दोरीच वाकडी धरलीत," नवरा म्हणाला.

"तुझ्या जन्माआधीपासून धरतोय."

सून चहा घेऊन आली. इंजिन बंद होतं. कप ठेवायला जागा बघताना तिचा हात पट्ट्याला लागला आणि बोटं बुळबुळीत झाली. वास ओळखीचा होता. शिलाई मशीनला येतो, तोच.

ती तशीच घरात गेली. सासूबाई दुपट्यांच्या घड्या घालत होत्या.

"आई, तुम्ही त्या पट्ट्याला..."

"किंचाळायचा गं मेला. बाळ दचकून उठायचं. काल हे दोघं जेवत होते, तेव्हा जरासं लावलं." मग त्यांचा आवाज उतरला. "त्यानेच बिघडलं का? ह्यांना सांगू नकोस हं. आधीच म्हणत असतात, तुझा हात लागला की..."

वाक्य अर्धंच राहिलं, हातातली घडीही.

ती शेडमध्ये परतली. "पट्ट्याला तेल लागलंय. आवाज थांबावा म्हणून मीच लावलं होतं काल."



"कढई आहे का ती, तेल सोडायला?" सासरे म्हणाले. नवऱ्याने कपाळाला हात लावला. तिने मान खाली घातली.

तेलकट पट्टा उतरला. तिने पुल्यांच्या खाचा साबणाच्या पाण्याने धुऊन कोरड्या केल्या. खिळ्यावरचा जुना, कोरडा पट्टा चढला, ताण बेताचा झाला. इंजिन सुरू होताच पट्टा असा किंचाळला की घरात बाळाने सूर लावला. पण ड्रम झोकात फिरला.

"घसरतोय म्हणत होतो ना मी," सासरे म्हणाले.

"ताण नको, असं मीही म्हणतच होतो," नवरा म्हणाला. दोघांचंही बरोबर निघालं होतं, त्यामुळे बापलेक खुशीत शेताकडे गेले.

बाळाला खांद्यावर घेऊन सासूबाई दारात उभ्या होत्या.  त्यांनी सुनेच्या हातातले उष्टे कप काढून घेतले, बाळ तिच्याकडे दिलं आणि कप स्वतः धुवायला गेल्या.

सुनेची चार वर्षांची लेक पायरीवर बसून सगळं बघत-ऐकत होती.

"आई, तेल तर आजीने लावलं. कुपी मी धरली होती. आता बाबांनी मला विचारलं, तर मी कोणाचं नाव सांगू?"