कॉफी रंगाचं कार्पेट

वाढवणच्या मोरू तांडेलाला कुणी काही शिकवायला जात नसे. तांडेल म्हणजे होडीचा प्रमुख, दर्यात त्याचाच शब्द चालायचा. मोरूची गंमत अशी की होडी किनाऱ्याला लागली तरी तो शब्द काही खाली उतरत नसे. कालवणात मीठ किती, मांडवाचं तोंड कुठे, कासा गावाची बस आज उशिरा का आली, सगळ्यावर त्याचं मत तयार. माणूस मनाने वाईट नव्हता. फक्त नाकावर माशी बसू द्यायचा नाही.

याच स्वभावापायी त्याचा धाकटा भाऊ दिपक घरातून गेला होता. बाप वारल्यावर होडी मोरूकडे आली आणि बापाची डुक्कर फियाट गाडी दिपककडे. बापाने ती डहाणूच्या एका चिकूवाडीवाल्याकडून जुनी म्हणून घेतली होती आणि पुढे आयुष्यभर नव्यासारखी जपली. वाटणीवरून भांडण झालं नाही, ते नंतर होडीवर झालं. दिपकच्या हातून एकदा जाळं होडीच्या पंख्यात गेलं, आणि मोरूने सगळ्या खलाशांसमोर त्याची अशी काही खरडपट्टी काढली की किनारा येईपर्यंत कुणी तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी दिपक होडीवर आला नाही. डहाणूत खोली घेऊन राहिला, क्रेन चालवायला शिकला, तलासरीच्या निलमशी लग्न केलं. लग्नाला मोरू पाहुण्यासारखा गेला आणि पाहुण्यासारखा परतला.

आणि मग दोन हजार सोळाच्या मे महिन्यात दिपक स्वतः फियाट चालवत दारात आला. दोन वर्षांसाठी मस्कतला चालला होता.

"दादा, हिला बाहेर कुणाकडं ठेवायला मन होत नाय," तो म्हणाला. "तुझ्याकडं राहू दे. आतलं कार्पेट पार गेलंय, जमलं तर तेवढं बदल. बाबांनी घेतली तेव्हा होतं तसंच, कॉफी रंगाचं. मी आलो की आपण सगळे हिच्यातूनच महालक्ष्मीला जाऊ."

'आपण सगळे' हे मोरूने बरोबर ऐकलं. त्याच्या बायकोने, वेणूनेही ऐकलं आणि ती चहाच्या निमित्ताने आत जाऊन डोळे पुसून आली. भाऊ परत घरचा होणार होता, आणि त्याने मागितलं काय, तर एक कार्पेट. मोरूने किल्ली घेतली ती कनवटीलाच लावली.

जूनला मासेमारी बंद झाली, होड्या वर ओढल्या, आणि मोरू कामाला लागला. फियाटच्या सीटा काढल्या. जुनं कार्पेट हाताने अलगद सोडवलं, कारण त्याच्याच मापाने नवं कापायचं होतं. उन्हाने आणि पायांनी त्याचा रंग कधीच गेला होता, वाळूत पडलेल्या गोणपाटासारखं झालं होतं. पण मागच्या सीटखाली, जिथे कुणाचा पाय पडत नाही, तिथे हातभर तुकडा तसाच्या तसा शिल्लक होता. दाट, मऊ, कॉफी रंगाचा. त्या तुकड्यावरून हात फिरवताना मोरूला बाप आठवला. पांढरा सदरा घालून, एक कोपर खिडकीबाहेर काढून बाप डहाणूला निघायचा, आणि हे दोघे भाऊ मागे उभे राहून, सीटला धरून, पुढचा रस्ता बघायचे.

डहाणूला जिग्नेशचं सीटकव्हरचं दुकान होतं. मोरूने तो तुकडा त्याच्या टेबलावर टाकला.

"असलंच पाहिजे."

"मोरूभाय, एवढं जुनं कुठून मिळणार ने? हे बघा, ग्रे आहे, मरून आहे. आता सगळे मरूनच टाकतात."

"सगळ्यांच्या गाडीचं मला काय करायचंय? कॉफी."

जिग्नेशने तीन कॉफी रंग काढले. मोरूने तिन्ही उन्हात नेऊन तुकड्याला लावून पाहिले. एक लालसर निघाला, एक चॉकलेटी. तिसरा जवळ होता, पण पातळ. शेवटी जिग्नेशने सुरतेहून माल मागवला आणि मोरू तो बघायला पुन्हा डहाणूला गेला. तेव्हा कुठे तांडेलाची मान हलली. जुन्या कार्पेटवरून जिग्नेशने नवं कापलं, कडांना पट्टी शिवली, ड्रायव्हरच्या टाचेखाली रबराचा चौकोन बसवला, आणि खाली अंथरायला जाड लोकरी नमदा दिला.

"गाडी घेऊन या उद्या. बसवून देतो," तो म्हणाला.

"बसवतो मी. होडी बांधणाऱ्याला कार्पेट बसवता येत नाय काय?"

"तसं नाही मोरूभाय, पण खाली पत्र्याचं काय काय बघावं लागतं..."

"जिग्नेशशेठ," मोरू म्हणाला, "तू दुकान बघ."

जिग्नेशने हात जोडले आणि गुंडाळी टेम्पोत ठेवून दिली.

घरी आल्यावर मोरूने गाडीचा तळ घासून साफ केला, तर पत्र्याला भोकं दिसली. पुढे दोन, मागे दोन, रुपयाएवढी गोल. त्यातून खालची वाळू दिसत होती. तळाला भोक! ज्याचा उभा जन्म होडीत गेला त्याला तळाचं भोक बघून दुसरं काय सुचणार? बापाने एवढी वर्षं हे कसं चालवून घेतलं, याचंच त्याला नवल वाटलं.

त्याने जे केलं ते होडीला करतात तसंच केलं. तेलात भिजवलेला कापूस पिळून, वळून, भोकात ठोकला. वरून राळ तापवून ओतली. थंड झाल्यावर अंगठ्याने दाबून पाहिलं, वर घागरभर पाणी ओतून पाहिलं. खाली एक थेंब उतरला नाही. मग तळ पुसून वाळवला, नमदा अंथरला, त्यावर कार्पेट, आणि कडा पिवळ्या सोल्यूशनने चिकटवून टाकल्या. कुठे सुरकुती नाही, कुठे फट नाही. दुकानातून आलेला पारदर्शक प्लास्टिकचा कागद त्याने काढला नाही, उलट नीट कापून वरच बसवला. दिपक येईपर्यंत नव्याचं नवंपण राहायला हवं होतं.

सगळी आळी बघून गेली. "बापाला पण एवढं जमलं नसतं," कुणीतरी म्हणालं, आणि मोरू त्या दिवशी जेवताना दोनदा हसला, हे वेणूने पाहिलं.

गाडी घराला लागून पत्र्याच्या छपरात उभी राहिली. छपराला भिंती नव्हत्या, आणि वाढवणचा पाऊस वरून कमी, बाजूने जास्त येतो. मोरू दर शनिवारी दार उघडून, आत पाय न ठेवता हात घालून गाडी सुरू करायचा, काच पुसायचा, प्लास्टिकवर तळवा फिरवायचा. कोरडं ठणठणीत. आतून कुबट वास यायचा, पण त्याच छपरात पावसाळाभर सुक्या बोंबलांची आणि जवळ्याची पोती असायची. जिथे नाकालाच सुक्या मासळीची सवय, तिथे दुसरा वास कुणाला कळणार? असे तीन पावसाळे गेले. मस्कतहून फोन आला की मोरू सांगायचा, "तुझी गाडी मस्त हाय. एक थेंब जात नाय." दिपक म्हणायचा, "तू असल्यावर मला काळजी नाय, दादा." हे वाक्य मोरू दिवसभर पुरवून पुरवून मनात घोळवायचा.

दोन हजार अठराच्या दिवाळीनंतर, ठरल्यापेक्षा सहा महिने उशिरा, दिपक आणि निलम आले. वेणूने पापलेट तळून ठेवले होते. पण दिपकला आधी गाडी बघायची होती. मागोमाग आळीतले दहा-बारा जण, होडीवरचे खलाशी, सगळेच छपरापाशी जमले. दिपकने दार उघडलं, कॉफी रंग पाहिला आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला. तो आत बसला, सीट पुढे घेतली, आणि ब्रेकवर जोर देण्यासाठी टाच रोवली.

टाच खाली गेली. कार्पेटसकट, नमद्यासकट, कर्र आवाज करत खाली गेली.

दिपक उतरला. त्याने प्लास्टिक ओढून काढलं, कड धरून कार्पेट उचकटलं. खालचा नमदा काळा पडला होता, पिळला असता तर तांब्याभर पाणी निघालं असतं. त्याखाली पत्रा म्हणून काही उरलंच नव्हतं, हात लावला की पापुद्रे पडत होते. पुढच्या काचेचं जुनं रबर तडकलेलं होतं. तिथून पाणी तीन पावसाळे आत येत राहिलं होतं, आणि बाहेर जायला त्याला वाट नव्हती. दिपकने पापुद्र्यांत हात घालून एक गोल, काळा, टणक गोळा बाहेर काढला. भोवतालचं लोखंड गेलं होतं, आणि कापसाचं ते बूच मात्र शाबूत होतं.

मोरू बघत होता. कुणी काही सांगायच्या आधीच त्याला सगळं उमगलं. होडीत पाणी खालून येतं. गाडीत वरून येतं आणि खालून जातं. इतकं साधं होतं ते.

"हे पाणी जायची भोकं," दिपक हळू आवाजात म्हणाला. "ही कुणी बुजवली, दादा?"

सगळी आळी मोरूकडे बघत होती. खलाशी बघत होते, निलम बघत होती.

"जिग्नेशने," मोरू म्हणाला.

दिपकने तो गोळा तळहातावर घेऊन फिरवला. मग पुन्हा विचारलं, तितक्याच हळू, "जिग्नेशनेच ना?"

"मग काय? त्यालाच दिलं होतं काम. नालायक माणूस."

दिपकने मान हलवली. गोळा सीटवर ठेवला, हात धुतले आणि आत येऊन जेवला. पापलेट छान झाल्याचं वेणूला सांगितलं. पण राहायला आलेला माणूस संध्याकाळीच बॅग घेऊन निघाला. "निलमच्या माहेरी वाट बघतायत," म्हणाला. दुसऱ्या दिवशी तलासरीहून टेम्पो आला आणि गाडी त्यावर चढवून घेऊन गेला. दिपक टेम्पोबरोबर आला होता, पण घरात आला नाही. अंगणातच वेणूशी दोन शब्द बोलला. मोरू मुद्दामच होडीकडे जाऊन बसला होता.

पुढचे दोन दिवस मोरूचा जीव टांगणीला होता. आता दिपक डहाणूला जाऊन जिग्नेशशी भांडणार, जिग्नेश खरं सांगणार, मग तोंड कुठे लपवायचं? फोन वाजला की तो आधी नंबर बघायचा. पण जिग्नेशचा फोन आला नाही. शेवटी न राहवून त्याने वेणूलाच विचारलं.

"दिप्या गेला काय गं त्या दुकानात?"

वेणू अंगणात बोंबील उलटे करत होती. तिने मान वर केली नाही.

"कशाला जाईल? कापूस आणि राळ कोण घालतो, ते त्याला कळत नाय होय? तोही बापाकडंच शिकलाय. बूच हातात घेतलं तेव्हाच त्याने ओळखलं."

मोरू पायरीवर बसला.

"जाताना मला म्हणाला," वेणूने हातातला बोंबील खाली ठेवला, "वहिनी, दादाने होडी समजून गाडी बुजवली हे बघून मला हसूच येत होतं. तो 'मीच केलं' म्हणाला असता तर मी तिथंच हसणार होतो. दोघांनी मिळून नवा पत्रा मारला असता. म्हणून तर दुसऱ्यांदा विचारलं."

मोरूला एवढी लाज आयुष्यात कधी वाटली नव्हती. अडीच वर्षं ज्या भावाची वाट पाहिली, तो समोर उभा राहून एकदा नाही, दोनदा हात पुढे करत होता, आणि आपण दोन्ही वेळा दुसऱ्याचं नाव घेतलं. तो उठला, आत गेला आणि दिपकला फोन लावला. काय बोलायचं ते आता त्याला नीट ठाऊक होतं.

फोन निलमने उचलला.

"ह्यांचा फोन घरीच राहिलाय, भाऊजी. वापीला गेलेत, गाडी भंगारात द्यायला. काही सांगायचं होतं काय?"

मोरूने तोंड उघडलं. पलीकडे निलम थांबली होती. मागे कुणीतरी बोलत होतं, भांडी वाजत होती.

"नाय," तो म्हणाला. "आला की फोन कर म्हणावं."

दिपकचा फोन आला नाही. मोरूने पुन्हा लावला नाही.