खापर फोडायला एक लॅपटॉप

सूड घ्यायचा तर तो स्वच्छ हातांनी घ्यावा, असं ऑपरेशन थिएटरच्या सिस्टरचं मत होतं. हे मत तिने बनवलं एका दुपारी, दारात चपला काढता काढता. ड्यूटी आटोपून ती घरी आली होती, आणि आतल्या खोलीत नवरा आपल्या थोरल्या बहिणीशी फोनवर बोलत होता.

"प्रबंध होईल गं ताई, पण या घरात बसून लिहायचं म्हणजे कसरत आहे," तो सांगत होता. "हिच्या ड्यूट्या वेळीअवेळी. कधी दार वाजतं, कधी भांडी. शांतता म्हणून नाही. त्यात हा लॅपटॉप. तो उघडेपर्यंत डोक्यातलं वाक्य पळून जातं. दुसरी कुणी असती तर निदान..."

दुसरी कुणी असती तर निदान काय केलं असतं, ते तिने ऐकलं नाही. तळपायाची आग मस्तकात गेली की माणसाला ऐकू कमी येतं. वेळीअवेळीच्या ज्या ड्यूट्यांवर घर चाललं होतं, त्या ड्यूट्यांनीच म्हणे प्रबंध अडवला होता.

नवरा कॉलेजात इतिहास शिकवायचा. सकाळी तास संपले की दुपारपासून घरी. जुन्या पुलांची देखभाल पूर्वी कशी होत असे, यावर त्याचा प्रबंध चालला होता, आणि तो इतकी वर्षं चालला होता की तेवढ्यात एखादा नवा पूल बांधून जुना झाला असता. "माझं एकदा होऊ दे, मग तुझं," हे त्याचं ठरलेलं वाक्य. तिचं म्हणजे काय, ते दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. तिच्या जुन्या मेट्रनबाई दुसऱ्या शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात गेल्या होत्या, आणि तिथल्या सगळ्या थिएटरांची प्रमुख म्हणून त्यांना हीच हवी होती. तीन वर्षांपूर्वी त्यांनी विचारलं तेव्हा प्रबंध ऐन रंगात होता, म्हणून तिने नकार कळवला. आता पुन्हा जागा निघाली होती. "महिनाअखेरीपर्यंत सांग, यानंतर मी विचारणार नाही," असं बाई म्हणाल्या होत्या. तिने नवऱ्याच्या कानावर घातलं, तर तो म्हणाला, "आता शेवटचा टप्पा आहे गं. हा लॅपटॉप तेवढा जरा चालू लागला की झालंच." आयुष्यभर पुलांबद्दल वाचणाऱ्या माणसाने बायकोची वाट अशी अडवून धरावी, याला काय म्हणावं?

त्या संध्याकाळी तिने चहा केला, त्याच्यासमोर ठेवला आणि गोड आवाजात म्हणाली, "अहो, तुमचा लॅपटॉप द्या मला दोन दिवस. बघते काय होतंय ते."

"तुला काय कळतंय त्यातलं?" तो म्हणाला.

"काही नाही. पण पोटं उघडायची सवय आहे."

तो हसला. तिने त्याला हसू दिलं. त्याची जी जी सबब होती ती एकेक करून काढून घ्यायची, त्याला उघड्यावर आणून बसवायचं, आणि मग बघायचं हा विद्वान कुठे लपतो ते, असं तिने ठरवून टाकलं होतं. दोन दिवस तिने व्हिडिओ पाहिले, लेख वाचले, ज्याचं कळलं नाही ते हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागातल्या माणसाला विचारलं. मग सुट्टीच्या सकाळी जेवणाचं टेबल पुसून त्यावर पांढरी चादर अंथरली.

आधी तिने त्याच्या सगळ्या फाइल्स दोन वेगवेगळ्या ठिकाणी उतरवून घेतल्या. प्रबंधाची फाइल तिने उघडली नाही. पेशंटची सही असल्याशिवाय ती कशालाच हात लावत नसे, आणि इथे सही लॅपटॉपपुरतीच होती. मग लॅपटॉप बंद करून तिने मागचं झाकण उघडलं. स्क्रू ज्या क्रमाने निघाले त्या क्रमाने वाटीत ठेवले आणि मोजले. आत पंख्यावर धुळीचा असा थर बसला होता की त्याची चिंधी सोलून काढता यावी. हा पेशंट श्वास तरी कसा घेत होता, असं तिला वाटून गेलं. मऊ ब्रशने तिने सगळं साफ केलं. घरघरणारी जुनी डिस्क काढली, तिच्यावरचं सगळं जसंच्या तसं नव्या वेगवान डिस्कवर उतरवून ती बसवली, मेमरीची एक पट्टी वाढवली, स्क्रू पुन्हा मोजले आणि झाकण लावलं.

मग वरची साफसफाई. लॅपटॉप सुरू होताच त्याच्याबरोबर उठून बसणारे पंधरावीस प्रोग्राम होते. त्यातल्या निम्म्यांची त्याने आयुष्यात गाठ घेतली नसेल. व्हायरसपासून राखण करणारे तर दोन होते, आणि ते दोघे दिवसभर एकमेकांचीच झडती घेत बसलेले. तिने एकाला निरोप दिला, फुकट्यांना घालवलं, बटण दाबलं. घड्याळ बघायला मान वळवेपर्यंत लॅपटॉप उघडून तयार होता.

"घ्या," ती म्हणाली.

त्याने बटण दाबलं. स्क्रीन उजळला. त्याच्या चेहऱ्यावर आनंद शोधायला ती मुद्दाम समोर उभी राहिली होती, पण तिथे आनंद नव्हता. जेवायला बसल्यावर भूक नाही असं लक्षात आलेल्या माणसाचा तो चेहरा होता. "वा," तो म्हणाला, आणि पाणी प्यायला उठला.

तिला त्या रात्री फार छान झोप लागली.

पण चार दिवसांत लॅपटॉप पुन्हा रडू लागला. पंखा घोंघावत होता, माऊस अडखळत होता. "सांगत होतो ना, त्याचं वयच झालंय," नवरा म्हणाला, आणि म्हणताना इतका टवटवीत दिसला की तिच्या मनात पाल चुकचुकली. पेशंट ऑपरेशननंतर बरा झाला आणि चौथ्या दिवशी बिघडला, तर सिस्टर आधी हे बघते की त्याला भेटायला कोण आलं होतं.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात एका पेशंटला ताप भरला म्हणून एक ऑपरेशन पुढे ढकललं गेलं आणि ती लवकर घरी आली. दाराला लॅच होतं. किल्लीने उघडून ती आवाज न करता आत आली. नवरा पलंगावर बसला होता. लॅपटॉप उशीत अर्धा रुतलेला, म्हणजे हवा जायच्या सगळ्या जाळ्या बंद. स्क्रीनवर उघडलेल्या पानांची रांग कुठे सुरू होते नि कुठे संपते ते कळत नव्हतं, आणि मधोमध एक पट्टी हळूहळू भरत होती. तिने घालवलेला राखणदार परत कामावर रुजू होत होता. पट्टी भरत असताना नवरा शीळ घालत पेपरातलं कोडं सोडवत होता.

तिच्या जागी दुसरी कुणी असती तर निदान ओरडली असती. ती मागे वळली, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं आणि बेल वाजवली. रागाने तिचे कान तापले होते, आणि त्या तापण्यात एक मजाही होती, ते कबूल करायला तिची ना नव्हती. इतके दिवस तिचा नुसता संशय होता. आता रोग सापडला होता.

त्या आठवड्यात तिने लॅपटॉप पुन्हा साफ केला, आणि या वेळी एक काम जास्त केलं. यंत्राची मालकी तिने स्वतःच्या नावावर घेतली आणि नवऱ्याला साधा वापरणारा करून टाकलं. आता त्यावर काहीही नवं बसवायचं तर तिचा पासवर्ड लागणार होता. मग तिने नणंदेला फोन केला. "ताई, रविवारी चहाला या ना. यांचा लॅपटॉप आता पळतोय नुसता. म्हटलं तुम्हालाच पहिल्यांदा ऐकवू देत."

ताई खूश झाल्या. भावाच्या विद्वत्तेवर त्यांचा जितका विश्वास होता, तितका त्याचा स्वतःचाही नव्हता.

तो महिन्याचा शेवटचा रविवार होता. तिने टेबल लावलं: चहाची किटली, बिस्किटं, आणि उशीबिशी जवळपास नसलेला लॅपटॉप. नवरा आतून येऊन टेबलाकडे बघतच राहिला.

"ऐकव रे एखादं पान," ताई खुर्ची सरकवून बसत म्हणाल्या. "किती वर्षं नुसती ऐकतेय, पूल, पूल."

"अगं तो उघडायलाच इतका वेळ..."

"बघा तर खरं," सिस्टर म्हणाली.

त्याने बटण दाबलं. ताईंनी बिस्किट चहात बुडवून बाहेर काढलं तेवढ्यात लॅपटॉप तयार होता. पंख्याचा आवाज नाही, घरात आवाज नाही, शेजारीपाजारीही कधी नव्हे ते गप्प. त्याने इकडे क्लिक केलं, तिकडे केलं. काहीतरी बसवायला गेला, तर समोर पासवर्डची चौकट आली. त्याने मान वर करून बायकोकडे पाहिलं, आणि तिने शांतपणे चहाचा घोट घेतला. या एका नजरेसाठी ती महिनाभर खपली होती. ती नजर तिला पुरेपूर मिळाली, आणि तिला ती आवडली.

"काय झालं रे?" ताईंनी विचारलं.

"काही झालेलं नाही," तो म्हणाला. मग थोडं थांबून, वेगळ्या आवाजात, "काहीच झालेलं नाही, ताई. प्रस्तावना आहे. तीच मी रोज पहिल्या ओळीपासून दुरुस्त करतो. पुढचं एक पान नाही."

ताईंचं बिस्किट चहात पडलं.

"आधी बरं होतं," तो स्क्रीनकडे बघत म्हणाला. "हा उघडेपर्यंत चहा व्हायचा, पेपर व्हायचा. दिवस वाया गेला तर याच्या नावावर जायचा. आता हा इतका पटकन उघडतो की तेवढ्यात माझी तयारीच होत नाही."

ताई भावजयीवर उसळल्या. "अगं, त्याचा असा पाणउतारा करायला मला बोलावलंस? नवरा आहे ना तुझा?"

"तिला बोलू नकोस," नवरा म्हणाला. "माझं झालं की ती जाणार होती, असं आमचं ठरलं होतं. माझं काय व्हायचं ते झालं. प्रबंध आजपासून बंद." तो बायकोकडे वळला. आवाजात राग नव्हता, उलट कसलंसं ओझं उतरल्यासारखा तो सैल झाला होता. "कळव मेट्रनबाईंना. आत्ताच कळव. आता तुला अडवणारं कुणी नाही."

तिने कप खाली ठेवला. फोन टेबलावरच होता. तिचा हात फोनकडे गेला नाही.

तीन वर्षांपूर्वी नकार कळवला त्या रात्रीही आपल्याला छान झोप लागली होती, हे तिला एकदम आठवलं. इथे एकच थिएटर होतं, एकच तिरसट डॉक्टर होता, आणि त्याने हात पुढे करण्याआधी त्यात काय ठेवायचं ते तिला कळायचं. तिथे आठ थिएटरं. तिच्याहून शिकलेल्या मुली तिच्या हाताखाली, मिटिंगा, भाषणं, आणि चूक झाली तर ती तिची. इतकी वर्षं ती सगळ्यांना सांगत आली होती की यांच्या प्रबंधामुळे अडलंय. सांगताना मोठे सुस्कारे सोडायची.

"आज रविवार आहे," ती म्हणाली. "बाई आराम करत असतील."

नवऱ्याने मान वर केली. तिच्या चेहऱ्याकडे त्याने आधी सहज पाहिलं, मग नीट पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांत हळूहळू ओळख उमटली. सबब ओळखण्यात त्या घरात त्याच्याइतका जाणकार दुसरा कुणी नव्हता.

"हो, खरंच की," तो म्हणाला. "उद्या कर. निवांत कर. काही घाई नाही."

तो हे कुत्सितपणे म्हणाला असता तर तिने सोसलं असतं. पण तो फार समजूतदारपणे म्हणाला. बाकावर आपल्या शेजारी कुणीतरी बसायला आलंय म्हणून जरा सरकून जागा करून द्यावी, तसा. त्या समजूतदारपणाने तिचं डोकं असं फिरलं, जसं त्या दुपारी दारात उभी असतानाही फिरलं नव्हतं. नोकरी राहू दे, मान राहू दे. या माणसाशेजारी त्या बाकावर बसायचं नाही, एवढ्या एका कारणासाठी तिने फोन उचलला आणि नंबर लावला.

मेट्रनबाईंनी लगेच घेतला. त्या झोपल्याबिपल्या नव्हत्या.

"बाई, मी येतेय," ती म्हणाली.

"येतेस? नक्की? पहिल्या तारखेपासून लागेल हं," बाई म्हणाल्या. "परवाच आहे ती. घरचं नीट लावून येशील ना?"

"घरचं लावून झालंय," ती नवऱ्याकडे बघत म्हणाली, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा समजूतदारपणा पूर्ण ओसरेपर्यंत तिने नजर काढली नाही. पोटातली भीती तसूभरही हलली नव्हती. ती तेवढी त्याला दिसू नये, याची तिने काळजी घेतली.