घळीच्या काठावरचा चर

वनरक्षक असलेली थोरली सून आणि तिचा धाकटा दीर यांच्यातून विस्तव जात नव्हता, याला आता तिसरं वर्ष लागलं होतं. राहायला एकच घर, जेवायला एकच टेबल. पण एकमेकांना काही सांगायचं असलं तर ते सासूबाईंमार्फत. समोरासमोर बसूनसुद्धा.

भांडणाचं मूळ डोंगरात होतं. घरामागच्या झाडीतल्या दोन डोंगरधारा आणि त्यांच्यामधली नदीची खोल घळ, एवढा पट्टा तिच्या राखणीत होता. त्याच पट्ट्यात दीर डोंगरी सायकलींसाठी वाटा पाडत होता. कुदळ-फावडं घेऊन तो सकाळीच निघायचा, मुळं चुकवत वाट काढायचा, वळणावळणाला मातीचा बांध घालून तो पायांनी चोपायचा आणि सुट्टीच्या दिवशी शहरातून आलेल्या दहाबारा सायकलवाल्यांना त्यावरून भन्नाट खाली उतरवायचा. परवानगी कशाचीच नव्हती. ती वाटेवर ओंडके आडवे टाकायची, तो करवतीनं कापायचा. ती मनाईची पाटी ठोकायची, तो तीच पाटी उलटी करून तिच्यावर पुढच्या वळणाचा बाण काढायचा.

"अगं, घरचाच माणूस आहे तो," सासूबाई म्हणायच्या. "जरा डोळ्यांवर कातडं ओढलंस तर काय बिघडेल?"

"आई, डोळे उघडे ठेवायचाच पगार घेते मी."

तिचा नवरा बस चालवायचा. दोन्ही डगरींवर हात ठेवून असणारा माणूस. बायकोजवळ म्हणायचा, तुझं खरं आहे. भावाजवळ म्हणायचा, तुझंही खोटं नाही. त्यामुळे दोघंही त्याच्यावर चिडून असायची.

घळीच्या अगदी काठानं जाणारी वाट ही दिराची सगळ्यात लाडकी. एका गुरुवारी तिनं ठरवलं, आता हिचा निकालच लावायचा. एकटीनं दिवसभर खपून वाटेवर आडवा, गुडघाभर खोल चर खणला. दुपारी दीर तिथे आला. ती भांडणाच्या तयारीनं कंबर सरळ करून उभी राहिली. त्यानं चराचं हे टोक पाहिलं, ते टोक पाहिलं, आणि चक्क हसला.

"खणा वहिनी. छान खणताय."

तीन वर्षांत पहिल्यांदाच तो तिच्याशी थेट बोलला होता. त्यानं चर बुजवलाही नाही. रविवारी सायकलवाल्यांना त्यानं दुसऱ्या धारेवरून नेलं. तिला वाटलं, जिरली एकदाची.

सोमवारी दिवसभर पाऊस लागून राहिला. मंगळवारी नवऱ्याची साप्ताहिक सुट्टी. "रोज दोघांची गाऱ्हाणी ऐकतो, एकदा आपल्या डोळ्यांनी बघून येतो," असं आईला सांगून तो भावाची जुनी सायकल घेऊन निघाला. चरापाशी उतरून त्यानं सायकल खांद्यावर घेतली, चर ओलांडला आणि पलीकडच्या वळणाच्या बांधावर पाय ठेवला. काठ बांधासकट खचला. दहाबारा फूट खाली एक खडकाची पायरी होती, तिच्यावर तो आपटला. त्याच्याही खाली नदी. फोन खिशात शाबूत होता. त्यानं आधी बायकोला केला, मग भावाला.

दोघं दोन बाजूंनी धावत आली. दिरानं दोर आणला होता, तिनं तो झाडाच्या बुंध्याला बांधला. दीर उतरला, ती वर राहिली. मांडीचं हाड मोडलंय हे त्याला बघताक्षणीच कळलं. त्यानं आपला सदरा काढून भावाच्या डोक्याखाली दिला. तिनं बोलावलेलं सुटका पथक यायला अर्धा तास होता, आणि तो अर्धा तास दोघांना गप्प काढता आला नाही.

"तुमच्या बांधानं घात केला," ती वरून म्हणाली.

"माझा बांध दोन वर्षं तसूभर हलला नव्हता. तुमच्या चराचं पाणी त्याच्या पोटात शिरलं. तिथेच उभ्या आहात, बघा की."

तिनं पाहिलं. चराचं एक टोक वीतभर खाली होतं. तिथून ओल्या मातीचा पट्टा सरळ खचलेल्या जागेपर्यंत गेला होता. आंधळ्यालाही दिसला असता.

मग तिच्या मनात दुसरंच काही आलं. "तुम्हाला हे कधी कळलं, भावजी?"

तो भावाच्या डोक्याखालचा सदरा सारखा करत राहिला.

"खणताना बघून हसलात तेव्हा?"

"उतार दिसत होता."

"आणि बोलला नाहीत?"

"मी बोललेलं तुम्ही कधी ऐकलंय? म्हटलं, ढासळू दे काठ. वनरक्षक बाईंची चौकशी तरी लागेल. माझे सायकलवाले मी इकडे आणलेच नाहीत."

"म्हणजे दुसरं कुणी मेलं तरी चाललं असतं."

दोघांच्या मध्ये, खडकावर पडलेला तिचा नवरा शब्द न् शब्द ऐकत होता. त्यानं डोळे मिटून घेतले.

"झालं का दोघांचं?" तो म्हणाला.

दवाखान्यात त्याच्या मांडीत सळई घातली. भेटीच्या वेळेला दोघं बाहेरच्या बाकाच्या दोन टोकांना बसली होती. नर्स आली आणि जरा ओशाळून म्हणाली, "पेशंट म्हणतायत, आईंना पाठवा. तुम्हा दोघांना नको." दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशीही तेच.

तिनं कार्यालयात अहवाल लिहून दिला. चर मीच खणला, उतार बघितला नाही, असं स्वच्छ लिहिलं. दिराला माहीत होतं, हेही लिहिलं. ती ओळ लिहिताना तिला बरं वाटलं आणि ते बरं वाटणं तिला आवडलं नाही. साहेबांनी तिची राखण काढून तिला रोपवाटिकेत बसवलं. दिरावर गुन्हा नोंदला गेला आणि डोंगरातल्या सगळ्या वाटा बंद झाल्या.

नवरा दवाखान्यातून घरी आलाच नाही, थोरल्या बहिणीकडे गेला. सासूबाईंनीही पिशवी भरली. "मी त्याच्यापाशी राहते. तुम्ही बसा एकमेकांच्या उखाळ्यापाखाळ्या काढत."

पुढच्या रविवारी ती त्याचे धुतलेले कपडे घेऊन नणंदेच्या दारात गेली. नणंदेनं दार अर्धंच उघडलं आणि पिशवी हातात घेतली.

"झोपलाय तो."

आतून त्याचा आवाज स्पष्ट येत होता. आईशी कशावरून तरी हसून बोलत होता.

"ताई, दोन मिनिटं."

"झोपलाय म्हटलं ना," नणंद म्हणाली आणि दार लावून घेतलं.

ती जिना उतरत असताना खालून दीर वर येत होता. हातात नव्या कुबड्या होत्या. तो थांबला.

"भेटला दादा?"

"नाही."

"मला भेटेल," तो म्हणाला आणि तिला वाट न देता पुढे गेला. ती भिंतीला अंग चोरून उभी राहिली. वर घंटी वाजली, दार उघडलं, "झोपलाय तो" एवढं ऐकू आलं, दार लागलं. त्याची पावलं परत जिन्यावर ऐकू येण्याआधी तिनं रस्ता गाठला.